नव्याचे नऊ दिवस आणि गोखल्यांचे एक वर्ष

मे-जून म्हणजे आमच्या रत्नागिरीत आंब्याचा आणि बदल्यांचा हंगाम. पेट्याही हलतात आणि खुर्च्याही. शाळेत नवे मुख्याध्यापक येतात, ठाण्यात नवे साहेब येतात, गावात नवे ग्रामसेवक येतात. नवा माणूस आला की जुनी माणसे एकमेकांकडे पाहून हळूच म्हणतात, ‘नवी विटी, नवे राज्य.’ आणि चार पावसाळे जास्त पाहिलेला एखादा म्हणतो, ‘चालू द्या, नव्याचे नऊ दिवस.’ नवा माणूस बिचारा या दोन म्हणींच्या मधे सापडतो. काही बदलले नाही तर आपण आलो हे लोकांना कळणार कसे, ही त्याची चिंता. हा किती दिवस टिकतो ते पाहू, ही बाकीच्यांची करमणूक.

मी स्वतः असा सापडलेलो आहे. मी कविता लिहितो हे काही जणांना ठाऊक असेल. पण कवितेवर चूल पेटत नाही. बी.ए. झाल्यावर मी एका पतसंस्थेत चिकटलो आणि वीसेक वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या एका बंदरगावच्या शाखेत शाखाधिकारी म्हणून गेलो. पहिल्यांदाच स्वतःची केबिन मिळाली होती. केबिन म्हणजे काय, प्लायवूडचा आडोसा. पण त्या आडोशाची नशा काही कमी नव्हती.

त्या शाखेत पिग्मीचे तीन एजंट होते. पिग्मी म्हणजे रोजची बचत. एजंट दुकानांतून, टपऱ्यांवरून, मासळीवाल्या बायांकडून रोज दहा-वीस रुपये गोळा करतो, कार्डावर नोंद करतो आणि रक्कम शाखेत आणून भरतो. आमचे तिघे संध्याकाळी सातनंतर यायचे. तोवर कॅशियर बसून राहायचा, रोकड जुळायला साडेसात व्हायचे. मला हे ढिसाळ वाटले. पहिल्याच सोमवारी मी टाइप केलेला आदेश भिंतीवर लावला: पिग्मीचा भरणा पाच वाजण्यापूर्वी झालाच पाहिजे. सगळ्यांनी माना डोलावल्या. ‘हो साहेब.’ कुणी चकार शब्द काढला नाही. मला वाटले, काय शिस्त आणली मी!

महिन्याभरात रोजचा भरणा निम्म्यावर आला. मी एजंटांना बोलावून दम दिला. त्याचाही उपयोग होईना. शेवटी एका संध्याकाळी शटर ओढता ओढता आमचे शिपाईमामा म्हणाले, ‘साहेब, होड्या लागतात साडेपाचला. लिलाव सहाला. बायांच्या हातात पैसा येतो त्याच्यानंतर. पाच वाजता त्यांच्याकडे काय असतं? रिकामी टोपली.’

‘मग मामा, हे आधी का नाही सांगितलंत?’

‘तुम्ही विचारलंत कुठे?’

त्या दिवसांत मी गावच्या वाचनालयातून ‘सत्याचे प्रयोग’ आणले होते, खरे तर झोप यावी म्हणून. त्यात एका ठिकाणी माझी झोप उडाली. गांधीजी १९१५ च्या जानेवारीत दक्षिण आफ्रिकेतून मुंबईला उतरले, तेव्हा नामदार गोखल्यांनी त्यांच्याकडून एक वचन घेतले होते. वर्षभर देश फिरून पाहायचा, आणि तोवर सार्वजनिक प्रश्नांवर मत द्यायचे नाही. हे गोखले आमच्याच जिल्ह्यातले. गुहागर तालुक्यातल्या कोतळूकला १८६६ साली त्यांचा जन्म झाला. म्हणजे नव्या माणसाने कसे यावे याचा मुलूखभर गाजायला हवा होता असा धडा आमच्या घरचाच निघाला, आणि मी तो आदेश भिंतीवर चिकटवल्यानंतर वाचत होतो.

या वचनातली गंमत अशी की ते कुणा नवशिक्याकडून घेतलेले नव्हते. गांधीजी तेव्हा पंचेचाळीस वर्षांचे होते. एकवीस वर्षे त्यांनी दक्षिण आफ्रिकेत काढली होती. तुरुंग भोगला होता, वृत्तपत्र चालवले होते, हजारो माणसे रस्त्यावर उतरवली होती. १९१२ मध्ये गोखले स्वतः तिकडे जाऊन ते काम पाहून आले होते. तरीही अट घातली. मला वाटते, तरीही नव्हे, म्हणूनच घातली. कोरा माणूस निदान विचारतो तरी. दुसरीकडे यशस्वी होऊन आलेला माणूस विचारत नाही, कारण उत्तर त्याच्या खिशात तयार असते. ते उत्तर दुसऱ्या गावच्या प्रश्नाचे असते, एवढीच काय ती अडचण.

गोखल्यांना ही सावधगिरी कुठून सुचली? पुस्तके काही सांगोत, मी माझ्यापुरता त्याचा धागा १८९७ सालाशी जोडतो. पुण्यात प्लेग होता. घरे तपासायला गोरे सैनिक लावले होते आणि त्यांच्या वागणुकीने शहर संतापलेले होते. गोखले तेव्हा वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडात होते. वय एकतीस. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी तिथे सैनिकांविरुद्ध फार गंभीर आरोप जाहीरपणे केले. परत आल्यावर पुरावा मागण्यात आला आणि तो काही उभा राहीना. गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली. सरकारने ती वापरून घेतली, आणि आपल्याच माणसांनी त्यांना नेभळट ठरवले. लोकांचा संताप खोटा नव्हता. पण ऐकीव गोष्ट खरी असली तरी ती आपल्या हातात नसते, आणि हातात नसलेली गोष्ट घेऊन उभे राहिले की पाय घसरतो, हे त्या माणसाने भर बाजारात शिकलेले होते. अठरा वर्षांनी तोच माणूस गांधीजींना सांगतो की आधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून या. मला यात निव्वळ मुत्सद्दीपणा दिसत नाही. जुनी जखम दिसते.

तोंड बंद म्हणजे हातही बंद, असे मात्र नव्हे. याचा नमुना गांधीजींनी आधीच दाखवला होता. १९०१ च्या कलकत्ता काँग्रेसला ते गेले, तेव्हा त्यांना फारसे कोणी ओळखत नव्हते. त्यांनी जाऊन चिटणीस घोषालबाबूंना विचारले, काही काम असेल तर सांगा. घोषालबाबूंनी पत्रांचा ढीग पुढे केला. दक्षिण आफ्रिकेत वकिली गाजवून आलेल्या बॅरिस्टराने तो कारकुनासारखा बसून उपसला. अधिवेशनातले संडास घाण होते; स्वयंसेवक म्हणाले, ते आमचे काम नाही. तेव्हा त्यांनी झाडू मागून घेतला आणि आपल्यापुरती सफाई केली. त्या घाणीवर ठराव मांडला नाही, भाषण ठोकले नाही. नवा माणूस हलके काम मागतो तेव्हा दोन गोष्टी होतात. जुन्यांची भीती जाते, आणि त्याला आतले सगळे दिसू लागते. पत्रांचा ढीग उपसणाऱ्याला संस्थेची जेवढी नाडी कळते, तेवढी अध्यक्षाच्या खुर्चीवरून कळत नाही.

१९१५ मध्येही तसेच. तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून, गर्दीत, गाठोड्यांवर बसून प्रवास. पण माणूस तो माणूसच. याच वर्षात, वचन ताजे असताना, गांधीजींच्या हातूनही एक घाई झाली. ती मला फार जवळची वाटते.

त्यांच्या फिनिक्स आश्रमातली मंडळी त्या वेळी शांतिनिकेतनात उतरली होती. आपले काकासाहेब कालेलकरही तिथे होते. गांधीजी गेले आणि त्यांच्या लक्षात आले की इथे स्वयंपाकाला पगारी माणसे आहेत. त्यांनी शिक्षकांपुढे आणि मुलांपुढे कल्पना मांडली की स्वयंपाक, भांडी, सफाई सगळे आपणच करू. काही शिक्षक राजी, काही नाराज. मुलांना तर नवे काहीही आवडते. गुरुदेव टागोरांना विचारले, तर ते म्हणाले, शिक्षकांची हरकत नसेल तर माझी नाही. १० मार्चला प्रयोग सुरू झाला. सव्वाशे मुले, चिरणे, शिजवणे, घासणे. भांडी घासणाऱ्यांचा शीण जावा म्हणून काही मुले शेजारी बसून सतार वाजवत. चित्र मोठे गोड आहे. पण गांधीजी लगेच रंगूनला निघून गेले आणि काही काळाने प्रयोग बंद पडला.

(जाता जाता, आम्हा रत्नागिरीकरांना यात वेगळेच नवल वाटते. गांधीजी रंगूनला पोहोचले तेव्हा त्या ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा इथे आमच्या टेकडीवरच्या राजवाड्यात दिवस मोजत होता. राज्य बदलायला आलेल्यांनी त्याला कधीच काही विचारले नव्हते.)

त्या प्रयोगाने कुणाचे नुकसान झाले नाही, असे गांधीजींनी पुढे लिहिले. शांतिनिकेतनात आजही १० मार्चला ‘गांधी पुण्याह’ पाळतात. त्या दिवशी स्वयंपाक्यांना सुट्टी, आणि काम विद्यार्थी-शिक्षक करतात. म्हणजे बी अगदीच वाया गेले नाही. तरी मला वाटते, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस बदलायला निघालेली गोष्ट एका दिवसाचा सण होऊन उरली, यात काहीतरी शिकण्यासारखे आहे. ज्याने बदल आणला तो गावात राहिला नाही, आणि जे राहिले त्यांची ती मूळची गरज नव्हती.

त्याच सुमारास दुसरी एक गोष्ट घडली. गोखल्यांनी १९०५ मध्ये स्थापन केलेल्या भारत सेवक समाजात गांधीजींनी यावे, अशी गोखल्यांची इच्छा होती, गांधीजींचीही होती. सभासदांना मात्र धाकधूक होती, की यांची रीत आणि आपली रीत जमायची कशी? १९ फेब्रुवारी १९१५ ला गोखले गेले. शांतिनिकेतनात तार मिळाली, तसे गांधीजी पुण्याला धावले. गुरूच्या पश्चात त्या संस्थेत शिरण्याचा हक्क भावनेच्या जोरावर त्यांना सांगता आला असता. सभासदांत दोन तट पडलेत हे पाहून त्यांनी आपला अर्ज मागे घेतला आणि संबंध गोड राखले. एखाद्या घरात आपण गेल्याने भांडण होणार असेल तर बाहेरून स्नेह ठेवावा, हे ओळखायलाही आधी घर पाहावे लागते.

हे सगळे वाचून मी शहाणा झालो, असे मला त्या वेळी वाटले. पिग्मीचा आदेश मी स्वतःच्या हाताने फाडला, कॅशियरची माफी मागितली. आणि ठरवून टाकले की आता वर्षभर कशालाही हात लावायचा नाही. इथेच माझी दुसरी चूक झाली, आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती.

कॅशियरच्या ड्रॉवरमध्ये रबर लावलेला एक गठ्ठा असायचा. पैसे काढण्याच्या कोऱ्या स्लिपा, त्यांवर अंगठे घेऊन ठेवलेले. बायांना धंदा टाकून येणे जमत नाही, मग त्या निरोप पाठवतात, स्लिप भरून एजंटाबरोबर पैसे पाठवायचे, अशी ती सोय होती. मी तो गठ्ठा आल्या आल्याच पाहिला होता. पोटात कालवलेही होते. पण एकदा हात पोळलेला. म्हटले, जुनी पद्धत आहे, कारण असेल, गोखले म्हणतात तसे वर्षभर पाहू.

आठव्या महिन्यात एक विधवा बाई पासबुक घेऊन आल्या. त्यांच्या हिशेबाने खात्यात चौदाशे रुपये कमी होते. त्यांचा हिशेब बोटांच्या पेरांवरचा, आमचा लेजरमधला. स्लिपा होत्या, अंगठे त्यांचेच होते. कोण चुकले हे आजवर ठरलेले नाही. कदाचित कुणीच खोटे बोलत नसेल. मी म्हटले, चौदाशे मी माझ्या पगारातून भरतो. बाई म्हणाल्या, ‘बाबा, तुझे पैसे मला नकोत. माझे कुठे गेले तेवढं सांग.’ ते मला सांगता आले नाही. त्यांनी खाते बंद केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांसमोर तो गठ्ठा फाडला. मला विरोधाची अपेक्षा होती. कॅशियरने मात्र खुर्चीला पाठ टेकली आणि म्हणाला, ‘बरं झालं साहेब, पाच वर्षं मला याची भीती वाटत होती.’ त्यालाही मी कधी विचारले नव्हते.

म्हणून मग मी ते पुस्तक पुन्हा उघडले, की वचनाच्या वर्षात गांधीजी खरेच गप्प होते का? तर नव्हते. वढवाण स्टेशनवर एका शिंप्याने त्यांना विरमगामच्या जकातीचा जाच सांगितला. तापाने फणफणलेल्या गांधीजींनी तो ऐकून घेतला, मग आपण होऊन चौकशी केली, कागदपत्रे वाचली आणि मुंबईच्या गव्हर्नरांपुढे गाऱ्हाणे नेले. सभा गाजवली नाही. पण ‘माझे वर्ष संपू द्या’ असेही म्हणाले नाहीत. ती जकात उठायला पुढे दोन वर्षे लागली. अहमदाबादजवळ कोचरबला आश्रम काढला, तिथे सप्टेंबरमध्ये दुदाभाईंचे अस्पृश्य कुटुंब राहायला आले. आश्रमातल्या माणसांच्या कपाळावर आठ्या पडल्या, देणग्या आटल्या. इथे त्यांनी एक दिवसही थांबायचे नाकारले. शेवटी एका शेठजींनी मोटारीतून येऊन १३,००० रुपये हातावर ठेवले तेव्हा आश्रम तगला. तो आश्रम त्यांचाच, त्याचे नियमही त्यांचेच. दुसऱ्याच्या घरातल्या चुलीला हात लावणे वेगळे आणि आपल्या दारातून माणसाला परत पाठवणे वेगळे.

मला फरक कळला तो असा. पिग्मीच्या वेळेने कुणाचे काही बिघडत नव्हते, फक्त माझ्या नव्या डोळ्यांना ती खुपत होती. कोऱ्या स्लिपांनी मात्र रोज कुणाचे तरी बिघडण्याची शक्यता होती, आणि माझ्या डोळ्यांना त्या जेमतेम टोचल्या. मी नेमके उलटे केले. जे मला खुपते आणि ज्याने दुसऱ्याला इजा होते, या दोन गोष्टी नव्या माणसाला फार सारख्या दिसतात. कवितेतही हे होते. दुसऱ्याच्या कवितेतला खडबडीत शब्द मी संपादक म्हणून पटकन काढतो, मग मोठ्याने वाचतो, तेव्हा कळते की अख्खी ओळ त्याच शब्दावर उभी होती.

वर्ष संपले आणि गांधीजी बोलले. फेब्रुवारी १९१६ ला बनारसला ते असे बोलले की दागिन्यांनी मढलेले राजेमहाराजे उठून गेले आणि अॅनी बेझंटबाईंना मधेच थांबवावे लागले. ते भाषण शहाणपणाचे होते की नाही यावर वाद घालता येईल. पण गल्लीतली घाण असो की रेल्वेचा डबा, बोलले ते आपण पाहिलेल्याबद्दल. खरे फळ दिसते ते चंपारणात. डिसेंबर १९१६ च्या लखनौ काँग्रेसमध्ये राजकुमार शुक्ल मागे लागले की निळीच्या शेतकऱ्यांवर ठराव मांडा. गांधीजी म्हणाले, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी मत देणार नाही. वचनाची मुदत संपली होती, सवय उरली होती. एप्रिल १९१७ मध्ये ते गेले. वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत नीळ लावलीच पाहिजे, अशी तिथली जुलमी रीत. त्यांनी हजारो शेतकऱ्यांच्या जबान्या घेतल्या, आणि प्रत्येकाची उलटतपासणी करायला लावली. उलटतपासणीत जो टिकला नाही त्याची जबानी बाजूला. १८९७ ला गोखल्यांच्या हाती जे नव्हते, ते वीस वर्षांनी त्यांच्या शिष्याने गोणीगोणीने जमा केले.

चंपारणातलीच चुलीची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. मदतीला आलेले बिहारी वकील, त्यांत राजेंद्रबाबूही, प्रत्येकाचा आपापला नोकर, आपापला आचारी, आपापला स्वयंपाक. रात्रीचे जेवण कधी कधी मध्यरात्री. शांतिनिकेतनात जे खुपले तेच इथेही. पण इथे गांधीजींनी योजना मांडली नाही. बरोबर राहिले, काम करत राहिले आणि त्या थाटाची थट्टा करत राहिले. वकीलही हसले. हसता हसता एकेक नोकर घरी गेला, चुली एक झाल्या, जेवणाच्या वेळा ठरल्या. या खेपेला चूल मोडली ती चुलीच्या मालकांनी, आणि कारण समोर होते: दारात शेतकऱ्यांची रांग लागलेली, जबान्या लिहायच्या राहिलेल्या.

माझी पुढची बदली झाली तेव्हा मी एक साधी वही केली. डावीकडच्या पानावर ‘आज’, उजवीकडच्या पानावर ‘पावसानंतर’. डावीकडे पहिल्या दिवशी दोनच गोष्टी आल्या, दोन्ही पैशांच्या आणि अंगठ्यांच्या. त्या त्याच दिवशी केल्या, कुणाला विचारत बसलो नाही. उजवीकडे सतरा जमल्या. गणपती झाल्यावर वही सगळ्यांपुढे ठेवली आणि प्रत्येक गोष्टीमागचे कारण विचारले. सहांना कारण निघाले, त्या खोडल्या. काही कुणालाच नको होत्या, त्या आम्ही मिळून बदलल्या. त्यासाठी आदेश टाइप करावा लागला नाही.

खोडलेल्यांत एक भिंतीवरचे घड्याळ होते. ते दहा मिनिटे पुढे असायचे, आणि मला त्याचा भारी राग. कारण विचारले तर क्लार्कताई म्हणाल्या, ‘सर, शेवटची एस.टी. गेली की रात्र इथेच काढावी लागते. म्हणून ते पुढे ठेवलंय.’ माझी तिथूनही बदली झाली, त्या संध्याकाळी निरोपाचे नारळ-फूल झाले, फोटो झाले, गप्पा लांबल्या. घड्याळाकडे पाहून मी धावतच सुटलो. गाडी फाट्यावर नुकतीच लागत होती.